मदत हवी आहे: जाताना 10 तास आणि येताना पावणेआठ, असं कसं?

घाईत_असलेली:
आईबाबांची तिकिटं आज रात्री 12 पर्यंतच होल्डवर आहेत आणि माझं गणित काही जुळत नाहीये. जाताना 13:15 ला निघून 17:45 ला पोचतात, येताना 21:30 ला निघून दुसऱ्या दिवशी 10:45 ला. साडेपाच तासांचा फरक धरला की जाताना 10 तास येतात आणि येताना पावणेआठ. विमान तेच, रस्ता तोच, मग सव्वादोन तास गेले कुठे? एजंट म्हणतो मॅडम वारा असतो. असला कसला वारा? गूगल करा म्हणू नका, करून झालंय.

मुळाकाठचा:
कुठून कुठे ते तर लिहा! साडेपाच म्हणजे लंडन का? थेट आहे? तारखा काय?

घाईत_असलेली:
हो लंडनच, मुंबईहून थेट. तारखांचा काय संबंध?

निवृत्त_मास्तर:
सोपं आहे. पृथ्वी पूर्वेकडे फिरते, त्यामुळे पूर्वेला जाणाऱ्याला तिचा वेग आपसूक मिळतो, पश्चिमेला जाणाऱ्याला मिळत नाही. आम्ही सातवीला शिकवायचो.

खिडकीची_सीट:
मास्तर, तसं असतं तर जुहूवरून हेलिकॉप्टर सरळ वर नेऊन तासभर नुसतं तरंगत ठेवलं की खाली ओमानचा किनारा आला असता. हवा पृथ्वीबरोबरच फिरते, विमान हवेत उडतं, विषय संपला. एजंट बरोबर सांगतोय, जेट स्ट्रीम म्हणतात त्याला. विमानं 10-12 किमीवरून जातात त्याच उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वारा वाहतो, हिवाळ्यात जोर जास्त, कधीकधी ताशी 200 च्याही वर. फेब्रुवारी 2020 मध्ये ब्रिटिश एअरवेजचं एक विमान न्यूयॉर्कहून लंडनला 5 तासांच्या आत पोचलं होतं ते याच्याच जोरावर.

निवृत्त_मास्तर:
आणि तो वारा पूर्वेकडेच का वाहतो? विषुववृत्ताकडची गरम हवा उत्तरेला निघते आणि पृथ्वीच्या फिरण्यामुळे पूर्वेला वळते म्हणूनच ना? मग मी काय वेगळं म्हणालो?

खिडकीची_सीट:
वेगळंच म्हणाला होतात, पण हे बरोबर आहे.

प्रवासी_पक्षी:
मी तर म्हणेन दुबईत थांबा घ्या, तीन तास पाय मोकळे होतात, ड्यूटी फ्रीही होतं. वयस्कर माणसांना थेट विमान नकोच. आणि व्हीलचेअर आत्ताच बुक करा.

घाईत_असलेली:
दुबई नकोय. थेटच हवंय.

दिल्लीवाला_मराठी:
दिल्ली-सॅन फ्रान्सिस्कोला एअर इंडियाने 2016 मध्ये रस्ताच उलटा केला होता, अटलांटिक सोडून पॅसिफिकवरून. अंतर हजारभर किमी वाढलं तरी वेळ वाचला, कारण वारा पाठीशी. आणि ताई, कंपनी भारतीय आहे का? एप्रिल 2025 मध्ये पाकिस्तानची हवाई हद्द भारतीय विमानांना बंद झाली, तेव्हापासून वळसा पडतो. परदेशी कंपन्यांना ती बंदी नाही. त्यामुळे दोन कंपन्यांच्या वेळा शेजारी ठेवून तुलना करू नका.

मुळाकाठचा:
सगळं खरं, पण वाऱ्याने सव्वादोन तास जास्तच वाटतात. सरळ अंतर सव्वासात हजार किमी, वळशासकट साडेसात हजार धरा. विमान ताशी 900, वारा सरासरी 70. जाताना 830 ने 9 तास, येताना 970 ने पावणेआठ. धावपट्टीपर्यंतचं रांगणं, चढणं-उतरणं याचा दोन्हीकडे एकेक तास. म्हणजे 10 आणि पावणेनऊ. तुमचा एक तास दुसरीकडेच कुठेतरी हरवलाय. आता तरी तारखा सांगा.

घाईत_असलेली:
जाणं 12 मार्च, येणं 14 एप्रिल.

मुळाकाठचा:
सापडला! मार्चच्या शेवटच्या रविवारी ब्रिटनमधली घड्याळं तासभर पुढे जातात. एप्रिलमध्ये फरक साडेचारचा. 21:30 ते 10:45 म्हणजे सव्वातेरा, वजा साडेचार, पावणेनऊ.

घाईत_असलेली:
अरे देवा. एजंटही पावणेनऊच म्हणत होता, मीच त्याच्यावर चिडले. बाबांच्या इन्सुलिनसाठी हवं होतं हो, ते रात्री 9 ला घेतात.

सिस्टर_ताई:
हे पहिल्याच ओळीत लिहायचं ना! किती तासांचा प्रवास त्यापेक्षा दोन डोसांमध्ये किती तास पडतात ते बघा. जाताना आपले रात्रीचे 9 वाजतील तेव्हा ते हवेत असतील, लंडनला दुपारचे साडेतीन, आणि तिथले 9 वाजतील तेव्हा आपल्याकडे पहाटेचे अडीच. यातलं कुठलं 9 धरायचं आणि डोस तोच ठेवायचा का ते त्यांच्या डॉक्टरांनीच ठरवायचं, इथे कुणाला विचारू नका. इन्सुलिन आणि सुया हातातल्या बॅगेत, बरोबर डॉक्टरांचं पत्र. मोठ्या बॅगेत टाकलं तर खाली गोठू शकतं.

प्रवासी_पक्षी:
आणि तूप, पेढे नेऊ नका, दुधाचं काही चालत नाही तिथे.

पेठेतली_सून:
आम्ही नेलं होतं, कुणी काही विचारलं नाही.

प्रवासी_पक्षी:
विचारलं नाही म्हणजे चालतं असं नाही हो.

घाईत_असलेली:
तिकिटं काढली. कागदावर दोन रकाने केलेत, भारताची वेळ आणि लंडनची, उद्या डॉक्टरांना दाखवते. तूप मात्र आईने आधीच कढवून ठेवलंय, ते तिला कोण सांगणार?

नवा_सभासद_7:
लंडनहून येताना लॅपटॉप आणला तर ड्यूटी लागते का?