दिवाळं काढलं की सुटला? (चर्चा)

खतावणी (धागाकर्ता):
परवा ऑफिसात एकजण म्हणाला, "फारच गळ्याशी आलं तर दिवाळं काढीन, मोकळा होईन." जणू सिमकार्ड बदलायचंय! म्हणून दिवाळखोरीचा कायदा काढून वाचला. माझं मत : खरोखर बुडालेल्या माणसाला कायद्याने वर काढलंच पाहिजे, पण आपल्याकडची शिडी पार किडलेली आहे. मुंबई, कोलकाता, चेन्नईला १९०९ चा कायदा, बाकीच्यांना १९२० चा. त्या १९२० च्या कायद्यात नादारीच्या (म्हणजे दिवाळखोरीच्या) अर्जासाठी कर्जाचा आकडा आहे ५०० रुपये! २०१६ च्या नादारी आणि दिवाळखोरी संहितेत व्यक्तींसाठी वेगळा भाग आहे, पण १ डिसेंबर २०१९ पासून तो लागू झाला फक्त कंपनीच्या कर्जाला वैयक्तिक हमी देणाऱ्यांना. तुम्ही-आम्ही अजून १९२० मध्येच.

रोखठोक:
राहू द्या तिथेच. वाट सोपी केली की उद्या जो तो अर्ज घेऊन उभा. बँक तो खड्डा कशातून भरणार? आमच्याच व्याजातून. आणि अर्जाच्या आधी फ्लॅट बायकोच्या नावावर, गाडी मेव्हण्याच्या. हप्ते वेळेवर भरणारे आम्ही तेवढे खुळे.

नुसतीच वाचक:
@रोखठोक, फ्लॅटचं इतकं सोपं नाही हो. फुकटात नावावर करून दिल्यापासून दोन वर्षांच्या आत अर्ज झाला आणि माणूस नादार ठरला, तर कोर्ट तो व्यवहार रद्द करू शकतं. बाकीच्यांना डावलून मेव्हण्याचे पैसे मुद्दाम आधी फेडले आणि तीन महिन्यांच्या आत अर्ज झाला, तर तेही रद्द होऊ शकतं. नादार ठरल्यावर मालमत्ता कोर्टाच्या किंवा रिसीव्हरच्या (कोर्टाने नेमलेल्या माणसाच्या) ताब्यात. हातात काय राहतं? अंगावरचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, कारागीर असेल तर त्याची हत्यारं. यासाठी कोण हौसेने दिवाळं काढील?

रोखठोक:
भांडी ठेवतात म्हणून मी रडू का? जुगारात उडवलेत, त्याचं काय?

खतावणी:
१९२० च्याच कायद्याचं कलम ४२ बघा. जुगार, बेफाम सट्टा, उधळपट्टी यामुळे दिवाळं निघालं असेल तर कर्जातून विनाअट मुक्ती मिळत नाही. मालमत्ता बिनतारण कर्जाच्या निम्मीही भरत नसेल, म्हणजे रुपयाला पन्नास पैसे, तरी नाही; हे माझ्या दोषाने झालं नाही असं कोर्टाला पटवावं लागतं. एखाद्याचा धंदा आजारपणात बसला तर त्याने हे कोर्टाला पटवत बसायचं कसं?

सही केलेला:
तुम्ही ऋणको आणि बँक यांच्यातच भांडताय. मी मित्राच्या कर्जाला जामीन राहिलो. एका सहीचं काम, चहासुद्धा पुरा झाला नव्हता. तो नादार ठरला, पुढे मुक्तीचा आदेशही मिळाला. मग पत्र माझ्या घरी. 'हमीदार' या शब्दाखाली कुणीतरी निळ्या पेनाने दोनदा रेघ ओढलेली. वकील म्हणाले, कलम ४४ वाचा : ऋणको सुटला तरी जामीनदार सुटत नाही. माझी भांडी कोण मोजतंय?

रोखठोक:
हे मात्र वाईट. पण मग सोप्या कायद्याने तुम्ही आणखीच अडकाल ना? मित्र लवकर सुटेल, तुम्ही तिथेच.

नुसतीच वाचक:
मुद्दा बिनतोड आहे. २०१६ च्या संहितेतही मुक्ती एकट्या दिवाळखोराचीच, जामीनदाराची नाही. आणि दंड, पोटगी, शैक्षणिक कर्ज तिथे माफच होत नाही.

खतावणी:
त्याच संहितेत गरिबांसाठी 'फ्रेश स्टार्ट' आहे, म्हणजे छोट्या कर्जातून सुटायची सोय : वार्षिक उत्पन्न ६०,००० च्या आत, मालमत्ता २०,००० च्या आत, कर्ज ३५,००० च्या आत, स्वतःचं घर नको. तेही लागू झालेलं नाही.

रोखठोक:
महिना पाच हजारवाल्याला कर्ज देते कोणती बँक?

खतावणी:
बँक नाही देत. सावकार देतो. अर्ज त्याच्याविरुद्धच उपयोगी पडला असता.

सही केलेला:
त्यालाही जामीन लागतोच.