अनुभव धागा : श्रमदानातून पाणी, मापांसकट

परतीचा पाऊस सरला की वनराई बंधाऱ्यांचे, म्हणजे ओढ्यात माती-वाळूच्या गोण्या रचून केलेल्या तात्पुरत्या बांधांचे दिवस. गावाने मिळून केलेल्या पाण्याच्या कामात काय टिकलं, काय फुटलं आणि का, ते मापांसकट लिहा. 'गाव एक झालं' एवढ्याने पुढच्या गावाचं काम होत नाही.

ओढेकरी
आधी जागा. पात्र अरुंद, काठ उंच आणि सरळ हवेत; वळणावर पाणी काठ खातं. सिमेंटच्या रिकाम्या गोण्या पाऊणच भरा, तोंड सुतळीने शिवा. ठासून भरलेली गोणी गोल राहते आणि फटी पडतात. पाऊण भरलेली पसरून घट्ट बसते. तळातली सुटी वाळू आधी काढा, नाहीतर पाणी खालून निघून जातं. थर विटांसारखे सांधे मोडून लावा, तळ रुंद ठेवा. दोन्ही टोकं काठात दोन-अडीच फूट शिरवा, कारण बंधारा बहुतेक वेळा बगलेतूनच फुटतो. मध्यभागी एक थर कमी ठेवला की जादा पाणी तिथून जातं.

माथा ते पायथा
सलग समतल चर म्हणजे डोंगरउतारावर एकाच पातळीत खणलेले लांब चर; त्यांत आखणी हाच जीव. चर समपातळीत नसेल तर पाणी सखल टोकाला धावतं, भराव फोडतं आणि खालचे चरही घेऊन जातं. पातळी बघायच्या पाणी भरलेल्या पारदर्शक नळीत एक बुडबुडा राहिला तरी पातळी चुकते. नळी बोटाने टिचकवत बुडबुडे काढा. 60 सेंमी रुंद, 30 सेंमी खोल चरात मीटरला 180 लिटर पाणी मावतं. माती उताराच्या बाजूला, काठापासून वीतभर सोडून टाका. कडेलाच टाकली तर पहिल्या पावसात परत चरात.

फळा-खडू
वर्गणी आणि खोदाई यंत्राच्या डिझेलचा हिशोब रोज चावडीच्या फळ्यावर लिहा. यंत्राचे तासही.

शिवारफेरी
अडवलेलं पाणी वाटायचं कसं, हे आधी ठरवा. एक हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे 10 हजार लिटर. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजार गावात पाऊस मोजून पाण्याचा ताळेबंद मांडतात. माणसांचं आणि जनावरांचं पाणी आधी, मग पिकं. शेतीसाठी बोअर नाही, ऊस नाही. हे नियम नसतील तर वर चर खणायचे आणि खाली ज्याची मोटर मोठी त्याने उपसायचं, असं होतं. माझ्या मते ग्रामसभेचा ठराव पहिल्या कुदळीच्या आधी हवा.

ओढेकरी
राहिलंच : गोण्या उन्हाने जीर्ण होऊन फाटतात, वरून चिखल लिंपा. मे महिन्यात उरलेल्या गोळा करा, नाहीतर ते प्लास्टिक खालच्या गावाच्या ओढ्यात जातं.