मदत हवी आहे: वाद्यं अनुदानातून मिळतील, पण तुटलेल्या तारेचे पैसे कसे मागायचे?

नमस्कार मंडळी,

आम्ही तिघं मिळून सहा वर्षांपासून एक वाद्यवर्ग चालवतो. आठवड्यातून चार संध्याकाळी, फी नाही. २८ मुलं येतात. बहुतेकांच्या घरी वाद्य सोडाच, सरावाला वेगळा कोपराही नाही. आता एका ट्रस्टकडे अर्ज करायचा आहे आणि घोडं एका रकान्यावर अडलंय: ‘हव्या असलेल्या वाद्यांची यादी व किंमत’. त्यापुढे अर्जात काही विचारलेलंच नाही.

मागचा अनुभव सांगते, म्हणजे अडचण कळेल. तीन वर्षांपूर्वी एका संस्थेने आम्हाला सहा व्हायोलिनं दिली. सगळी नवीकोरी आणि सगळी पूर्ण मापाची. त्यांचे उपकार आम्ही आजही मानतो. पण आमची निम्मी मुलं आठ ते दहा वर्षांची. व्हायोलिन खांद्यावर धरून डावा हात लांब केला, की वाद्याचं टोक साधारण मनगट-तळहातापाशी यायला हवं. या मुलांच्या बोटांच्याही पुढे ते जात होतं. लहान मुलांना पाव, अर्धं, पाऊण अशी मापं लागतात आणि मूल वाढलं की मापही बदलावं लागतं. हे आम्हाला कुणी विचारलं नाही, आणि आम्हीही आधी सांगितलं नाही.

मग ती व्हायोलिनं मोठ्या मुलांकडे गेली. वर्षभरात सर्वांत बारीक तार, ‘ई’ची, एकेक करत सगळ्यांची तुटली. दमट हवेत खुंट्या फुगून घट्ट बसल्या. दोन बोंचे, म्हणजे वाजवायच्या गजांचे, केस झडले. एक मुलगी आठ महिने तीन तारांवर सराव करत होती. वरचा स्वर आला की ती बो थांबवायची, तेवढा स्वर गळ्याने गायची आणि पुढची ओळ परत वाजवायला घ्यायची. न चुकता, तालात. वाद्याच्या किमतीपुढे तारांचा खर्च किरकोळ असतो, पण तो मागितल्यावर उत्तर आलं की आम्ही फक्त वस्तू देतो, चालू खर्च देत नाही. शेवटी आम्ही वर्गणी काढून तारा आणल्या. तोवर दोन मुलं यायची बंद झाली होती.

व्हेनेझुएलात होसे आंतोनियो आब्रेउ यांनी १९७५ साली ‘एल सिस्तेमा’ हे मुलांना वाद्यवृंदातून संगीत शिकवणारं काम सुरू केलं. त्याबद्दल वाचताना जाणवलं, की तिथे वाद्य, शिक्षक आणि रोजचा एकत्र सराव हे तिन्ही एकाच योजनेत येतं. नुसती वाद्यं वाटून ते उभं राहिलं नसतं. आम्हाला हेच अर्जात सांगायचंय, पण कसं लिहावं ते कळत नाही.

तर जाणकारांनी कृपया सांगा:
दुरुस्ती, तारा, बोचे केस हे अर्जात कुठे आणि काय म्हणून घालायचं? वाद्य घरी न्यायला द्यावं का? दिलं तर पालकांकडून काय लिहून घ्यावं?

आणि एक वेगळी गोष्ट. एका मुलाच्या उजव्या हाताला जन्मतः बोटं नाहीत. त्याला फुंकून वाजवायचं वाद्यच हवंय. सगळे त्याला ‘तू ताल धर’ म्हणतात आणि तो गप्प बसतो. एका हाताने वाजवता येणाऱ्या वाद्यांसाठी ब्रिटनमध्ये २०११ पासून ‘ओएचएमआय’ हा ट्रस्ट काम करतो, एवढं सापडलंय. असं वाद्य याच अर्जात मागावं की वेगळा अर्ज करावा?

प्रतिसाद – मींड

ताई, मी एका छोट्या ट्रस्टच्या निवड समितीवर चार वर्षं होते, तिथली बाजू सांगते. ‘चालू खर्च’ हा शब्द दिसला की समितीला वाटतं, हे दरवर्षी दारात येणार. म्हणून तो शब्दच वापरू नका. विक्रेत्याकडून कोटेशन घेताना वाद्य, पेटी, राळ, तारांचे तीन जादा संच, एकदा बोचे केस बदलणं आणि वर्षाअखेरची एक तपासणी असं सगळं एका वाद्याच्या किमतीत धरून घ्या. मग ती वस्तूच होते. यात लपवाछपवी काही नाही, तपशील खाली स्पष्ट लिहायचा.

शिवाय सगळी नवी वाद्यं मागू नका. लोकांच्या माळ्यावर पडलेली वाद्यं गोळा करून ती दुरुस्त करायला पैसे मागितले, तर त्याच रकमेत जास्त मुलं बसतात. छोटी मापं तर अशीच मिळतात, कारण त्या घरातलं मूल मोठं झालेलं असतं.

अर्ज संस्थेच्या नावाने करा. बऱ्याच ठिकाणी एकट्यादुकट्याला देतच नाहीत. अमेरिकेत १९९७ साली सुरू झालेलं ‘सेव्ह द म्युझिक’सुद्धा शाळांनाच वाद्यं देतं.

त्या मुलासाठी मात्र वेगळा अर्ज. यादीत सातव्या ओळीवर गेला तर पहिली कात्री त्यालाच लागेल. दिव्यांगांसाठी काम करणाऱ्या ट्रस्टकडे जा, आणि त्याला काय वाजवायचंय हे त्याच्याच शब्दांत लिहा.

प्रतिसाद – गांधार

मींड यांच्याशी सहमत. वाद्य घरी द्याच. आमच्या करारात आधी ‘मोडतोड झाल्यास भरपाई’ असं कलम होतं. पालकांनी सही केली आणि गिटार कपाटावर ठेवून दिली. मुलांना हातच लावू देईनात! कलम काढून टाकलं आणि ‘महिन्यातून एकदा वाद्य तपासायला आणावे’ एवढंच ठेवलं. मग गिटारवर ओरखडे पडले आणि मुलांच्या बोटांना घट्टे.

धागाकर्ती

दोघांचे मनापासून आभार. भरपाईचं कलम आमच्याही मसुद्यात होतं, आत्ताच खोडलं. उद्या सगळ्या मुलांच्या हातांची मापं घेऊन यादी नव्याने करते. गांधार, तुमच्या कराराचा नमुना इथे डकवता येईल का? अर्जाला अजून नऊ दिवस आहेत.