लळा लागतो की लावतात?

प्रश्न (पुणे)

आमच्याकडे अकरा वर्षांपासून एक कुत्री आहे, चिमी. परवा तिला दवाखान्यात नेलं तर अर्जावर 'मालकाचे नाव' असा रकाना. तिथे स्वतःचं नाव लिहिताना माझा हात अडला. मुलगी म्हणाली, "आई, आता पेट पेरेंट म्हणतात." पण तोही शब्द मला आपला वाटेना. चिमी माझ्या मालकीची नाही, आणि तिची आई मी पाहिलेली आहे. गॅरेजच्या मागे पोत्यावर चार पिल्लांना घेऊन पडलेली असायची. मग मी चिमीची कोण? मराठीत याला काय म्हणायचं?

दुसरं म्हणजे 'चिमीला माझा लळा आहे' आणि 'चिमीनं लळा लावला' ही दोन्ही वाक्यं माझ्या तोंडी येतात. त्यांत फरक काय, तो मला धड सांगता येत नाही. जाणकारांनी सांगावं.

उत्तर (माण तालुका, सातारा)

ताई, तुमचा शब्द 'मालक'पासून एकाच अक्षरावर उभा आहे: पालक. शाळेच्या अर्जावर आईबापांना पालक म्हणतात आणि सरकारी कागदावर गुरं-शेरडं सांभाळणाऱ्याला पशुपालक. दोन्हीकडे शब्द तोच, कारण क्रियापद तेच: पाळणं. 'मालक' अरबीतून आला आणि त्यात हक्क आहे. 'पाळणे' संस्कृत 'पाल्'मधून आलंय, त्याचा अर्थ राखणं, रक्षण करणं. गोपाळ, मेंढपाळ यांतला 'पाळ' हाच. आणि मराठीत आपण आणखी काय काय पाळतो बघा: शब्द पाळतो, पथ्य पाळतो, वेळ पाळतो, सुतक पाळतो. दिलेला शब्द आणि घरात आणलेलं जनावर या दोन्हींसाठी आपल्याकडे एकच क्रियापद आहे, आणि मला हे फार मोलाचं वाटतं. कुत्रं 'ठेवलंय' असं म्हणणाऱ्या माणसाला मी 'पाळलंय म्हणा' असं सांगतोच.

आता लळा. 'लागणे' कशाकशाला येतं ते पाहा: तहान लागते, झोप लागते, ठेच लागते, लळा लागतो. यातलं काहीच आपण ठरवून करत नाही. 'वासराला आजीचा लळा लागला' या वाक्यात करणारा कुणीच नाही, ते आपसूक झालेलं आहे. 'जीव लावणे' मात्र करावं लागतं. रात्री उठून पाहावं लागतं, पावसात वैरण आणावी लागते, सुट्टीत गावाला जाणं रद्द करावं लागतं. म्हणजे आपण जीव लावतो, आणि त्यातून त्याला लळा लागतो.

'लळा लावणे' बहुतेक वेळा उलट्या दिशेनं जातं. त्यात लावणारा बहुधा धाकटा असतो, ज्याच्या हातात काही नाही असा: तान्हं पोर, पिल्लू, वासरू. 'पोरीनं लळा लावला', 'त्या पिल्लानं लळा लावला.' शिक्षकांनी मुलांना लळा लावला असंही कानावर येतं, ते चूक नाही, पण आमच्या वाड्यावस्त्यांवर पहिलाच वापर जास्त. आणि हे वाक्य बहुधा ते जनावर गेल्यावर बोललं जातं: 'लळा लावून गेलं बघा.'

जोड (तेच)

एक राहिलं. भाकरीच्या वेळेला दारात येणारं कुत्रं 'सोकावलेलं' असतं, त्याला लळा म्हणत नाहीत. भाकरी नसतानाही येऊन पायाशी बसतं, तो लळा.

माझे वडील आषाढीला वारीला जायचे. मागं आमची तांबू गाय आईला पान्हा सोडायची नाही. 'पान्हा चोरणे' म्हणतात ते हेच. सडाला हात लावला की पाय झाडायची, कास ताठ, पण धारेला थेंब नाही. तिसऱ्या दिवशी आजी म्हणाली, "त्याचं धोतर आण." आईनं वडिलांचं न धुतलेलं धोतर अंगाभोवती गुंडाळलं, डोक्याला त्यांचं मुंडासं बांधलं आणि काही न बोलता धारेला बसली. तांबूनं मान वळवून धोतर हुंगलं, एकदा फुरफुरली आणि पान्हा सोडला. घरात तिला चारा-पाणी आईच घालत होती, वडील नव्हे. तरी लळा त्यांचा. म्हणून मी म्हणतो, लळा हा पोटाचा हिशेब नाही.

उत्तर (कोल्हापूर)

दादा, व्युत्पत्तीची थोडी भर घालते. लळा हा 'लल्' धातूशी जोडलेला, लालन शब्दातला. जुन्या मराठीत 'लळे पुरवणे' म्हणजे लाड पुरवणे. म्हणजे 'लालनपालन' या एका जोडशब्दात तुमचे दोन्ही शब्द शेजारी शेजारी आलेत: लळा आणि पाळणं.

मला जास्त नवल वाटतं ते लिंगाचं. आपल्याकडे मूल, लेकरू, पोर, बाळ ही नपुंसकलिंगी, आणि वासरू, कोकरू, करडू, शिंगरू, रेडकू, पिल्लूही नपुंसकलिंगी. माणसाचं लेकरू आणि गाईचं वासरू व्याकरणानं एकाच पंगतीला बसवलंय. हिंदीत हे करताच येत नाही, तिथे नपुंसकलिंग नाही. आणि नाव ठेवलं की लगेच बदल होतो. रस्त्यावरून 'ते कुत्रं' आलं, दोन दिवस ओसरीवर राहिलं, कुणीतरी मोत्या म्हणून हाक मारली, की पुढच्या वाक्यात 'तो' जेवला का, असं आपण विचारतो. कोणत्या दिवशी 'ते'चा 'तो' झाला हे घरात कुणालाच सांगता येत नाही. जाण्याचंही तसंच. परकं कुत्रं मरतं. आपला मोत्या जातो.

'वासरू' हा शब्द 'वत्सरूप'वरून आला. त्यातल्या 'वत्स'चा अर्थ वासरू, आणि लेकरूही. त्यातूनच वत्सल, आणि वात्सल्य. आपण आईच्या प्रेमाला वात्सल्य म्हणतो तो शब्द गोठ्यात जन्मलाय, वासराकडे धावणाऱ्या गाईवरून. वसुबारस म्हणजे गोवत्स द्वादशी. आश्विन वद्य द्वादशीला गाय एकटी ओवाळत नाहीत, वासरासकट ओवाळतात. आमच्या आईकडे त्या दिवशी दूधतूप वर्ज्य, सगळं दूध वासराला.

प्रश्नकर्तीचा प्रतिसाद

दोघांचे मनापासून आभार. 'ते'चा 'तो' वाचून थांबले. आमच्या घरातही पहिले काही दिवस 'ते पिल्लू' असंच चाललं होतं. यजमान म्हणाले होते, नाव ठेवू नका, नाव ठेवलं की राहिलंच समजा. ते बोलले त्याच्या दुसऱ्याच दिवशी मुलीनं शाळेतून आल्यावर 'चिमी कुठाय?' विचारलं, आणि ते पिल्लू 'ती' झालं. 'माणसाळणे'बद्दलही कुणी लिहाल का?

उत्तर (माण तालुका, सातारा)

रक्ताळणे म्हणजे रक्तानं माखणे, फेसाळणे म्हणजे फेसानं भरणे. माणसाळणे त्याच घडणीचा शब्द आहे. जनावराच्या अंगाला माणूस लागतो: वास, आवाज, हात. त्याच्या उलट 'बुजणे'. नवं खोंड बाजारातून आणलं की आठवडाभर बुजतं. त्याला आधी चुचकारायचं, मग पाठीवर थोपटायचं, मग गळ्याखालची पोळी, म्हणजे लोंबती कातडी, खाजवत गोंजारायचं. पोळी खाजवताना त्यानं मान लांब करून डोळे मिटले, की माणसाळलं. चुचकारणं, थोपटणं, गोंजारणं हे तिन्ही शब्द वेगवेगळे आहेत, एकाऐवजी दुसरा चालत नाही. चुचकारणं जिभेनं, थोपटणं तळव्यानं, गोंजारणं बोटांनी.

उत्तर (वर्धा)

आमच्या विदर्भातली एक गोष्ट या चर्चेत हवीच. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलांचे खांदे शेकतात. जू बसून बसून जिथे घट्टा पडलेला असतो तिथे हळद आणि लोणी चोळतात. चोळता चोळता बैलाला सांगतात, "आज आवतन घ्या, उद्या जेवायला या." मी लहानपणी आजोबांना विचारलं होतं, बैल तर आपल्याच गोठ्यात आहे, त्याला बोलावणं कशाला? ते म्हणाले, वर्षभर आपण त्याला कामाला बोलावतो, जेवायला एकदाच. 'आवतन' म्हणजे आमंत्रण, ते माणसाला देतात. आणि बघा, 'घे' आणि 'ये' नाही, 'घ्या' आणि 'या'. जो आजोबा वर्षभर बैलाला अरेतुरे करायचा, तो त्या एका संध्याकाळी अहोजाहो करायचा. मला तर हे सगळं वाक्य एक शब्द म्हणूनच शब्दकोशात घ्यावंसं वाटतं.

उत्तर (माण तालुका, सातारा)

वर्ध्याच्या भाऊंना नमस्कार. आमच्याकडे महाराष्ट्रीय बेंदराला, म्हणजे आमच्या बैलांच्या सणाला, बैल सजतात, पण हे वाक्य नव्हतं. आता आमच्या घरात म्हणेन.

ताईंनी पट्ट्याबद्दल विचारलं नाही, तरी दाव्याबद्दल लिहितो. दावं म्हणजे गोठ्यात गळ्याला बांधायची दोरी. वेसण नाकात, कासरा हातात, दावं खुंट्याला. आमच्याकडे जनावर विकलं तरी दावं देत नाहीत. घेणारा आपलं दावं घेऊन येतो, ते घालतो आणि मगच आपलं सोडायचं. पैसे जनावराचे मिळतात, दाव्याचे कुणी घेत नाही.

वडिलांच्या मागं मी तांबूला विकली, कारण पुढच्या दुष्काळात चारा राहिला नाही. घेणारा चांगला माणूस होता. त्यानं आपलं दावं घातलं, मी आमचं सोडलं, आणि ती दोन पावलं त्याच्यामागं जाऊन थांबली, मागं वळली, मी हाताला गुंडाळलेलं दावं हुंगलं. ते अजून गोठ्याच्या खुंटीला आहे. सुंभ पार कडक झालंय, पण गळ्याशी घासून घासून जिथं गुळगुळीत झालं होतं, तेवढी वीतभर जागा अजून मऊ लागते.