होबर्नच्या पबमधली नवी पार्टिशनं: जपणूक की नक्कल?

दूरदेशी:
लंडनमध्ये होबर्नला 'प्रिन्सेस लुईझ' नावाचा पब आहे. इमारत १८७२ ची, आतली सजावट १८९१ ची. रंगीत टाइल्स, मोठाले नक्षीदार आरसे, मधोमध बार आणि भोवती लाकूड-काचेची पार्टिशनं घालून पाडलेले छोटे कप्पे. लोक फोटो टाकतात, 'व्हिक्टोरियन काळ जसाच्या तसा!' जसाच्या तसा नाही हो. मूळ पार्टिशनं विसाव्या शतकात काढून जागा मोकळी केली होती. आज दिसतात ती सॅम्युअल स्मिथ या बीअर कंपनीने २००७-०८ मध्ये जुन्या धर्तीवर नव्याने बसवलेली.

माझ्या मते हे चुकलं. नवं काम निदान नवं म्हणून तरी सांगायला हवं. आणि ती पार्टिशनं होती कशासाठी? त्या काळच्या पबांत मजुरांचा पब्लिक बार वेगळा, साहेबांचा सलून बार वेगळा, दरही वेगळे. एकदा मोडलेली ही विभागणी मुद्दाम परत का उभी करायची?

रंधा:
असहमत. लाकूडकाम हा माझा धंदा, त्यामुळे आधी बारकडे बघतो. चहूबाजूंच्या कप्प्यांतलं गिऱ्हाईक एकाच ठिकाणाहून सांभाळता यावं, म्हणून तो मधोमध आहे. कप्पे गेले की त्या आखणीचा अर्थच जातो. वाड्याचा चौक शाबूत आहे आणि माजघराची भिंत पडली, तर आपण ती बांधतोच ना? भिंत नवी म्हणून वाडा खोटा ठरत नाही.

नीरजा:
तिथल्या मुतारीच्या संगमरवराचंही कौतुक ऐकलंय, ते अर्थात मला बघता आलेलं नाही. कप्प्यांबद्दल मात्र सांगते. मी एकटी गेले होते. मोकळ्या हॉलमध्ये एकट्या बाईकडे नजरा वळतात, तिथे कोपऱ्यात निवांत तासभर वाचत बसले. या कंपनीच्या पबांत गाणी लावत नाहीत, तेही बरं. पण नवं काम नवं म्हणून सांगितलंच पाहिजे, हे दूरदेशींचं म्हणणं पटतं.

दूरदेशी:
नीरजाताई, तुमचा अनुभव मी नाकारत नाही. पण जवळच ब्लूम्सबरीत 'द लॅम्ब' आहे. तिथे बारवर नक्षीदार काचेच्या फिरत्या झडपा आहेत; प्रतिष्ठित गिऱ्हाइकाचं तोंड पलीकडे दिसू नये म्हणून लावलेल्या. त्या जुन्या, अस्सल आहेत. त्या काढा असं मी कधीच म्हणणार नाही, तो पुरावा आहे. नष्ट झालेला पुरावा नव्याने घडवायचा, याला माझा विरोध आहे.

रंधा:
आणि नाही घडवला तर? मोकळ्या हॉलमध्ये उभं राहून कोणाला कळलं असतं की मजूर आणि साहेब इथे वेगवेगळ्या दारांनी येत असतील? हा प्रश्न तुम्हालासुद्धा त्या कप्प्यात बसल्यावरच पडला ना?