पुण्यात दारूमुक्तीसाठी योग्य मीटिंग कशी निवडावी?

प्रश्न : धायरीकर

नमस्कार. उपचार पूर्ण करून मी अलीकडेच घरी आलो असून सध्या दारू बंद आहे. औषधांबरोबरच अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस या, दारू सोडू इच्छिणाऱ्यांनी एकमेकांना आधार देण्यासाठी चालवलेल्या संघटनेच्या मीटिंगला नियमित जावे, असे डॉक्टरांनी सांगितले आहे. मी धायरीत राहतो आणि भोसरीतील कारखान्यात पाळीने काम करतो, त्यामुळे दर आठवड्याला ठरावीक वार आणि वेळ पाळणे मला शक्य नाही. घराजवळच्या एका मीटिंगला जाऊन आलो. तेथील बहुतेक मंडळी वयाने बरीच मोठी होती, शिवाय मी देवधर्म मानत नसल्याने प्रार्थनेच्या वेळी अवघडून बसलो. सोसायटीतील कोणी पाहील ही धास्तीही मनात होतीच. माझ्यासारख्याने कोणता गट शोधावा? पत्नीने माझ्याबरोबर यावे का?

उत्तर : जुना सभासद

एका मीटिंगवरून कृपया निर्णय घेऊ नका. १९३५ मध्ये अमेरिकेतील ॲक्रन येथे दारूने ग्रासलेले दोन जण, एक शेअर बाजारात काम करणारा आणि दुसरा शल्यचिकित्सक, आपापली हकीकत एकमेकांना सांगत राहिले आणि त्यातून हे काम उभे राहिले. आजही मीटिंगचा गाभा तोच आहे. बारा पायऱ्या, म्हणजे दारूतून सावरण्याचा संघटनेचा क्रमवार कार्यक्रम, सगळीकडे सारख्या असल्या तरी प्रत्येक गट आपला कारभार स्वतः पाहतो, म्हणून एका गटात संघटनेच्या पुस्तकाचे वाचन अधिक, दुसऱ्यात शेअरिंग, म्हणजे स्वतःचे अनुभव सांगणे अधिक, कोठे मराठी तर कोठे हिंदी किंवा इंग्रजी, असा फरक आढळतो. ज्या भाषेत तुम्हाला घरातील भांडण सांगता येते, त्याच भाषेची मीटिंग निवडा. ही बाब मला अंतरापेक्षा कितीतरी महत्त्वाची वाटते.

देवाविषयी सांगायचे तर, सभासद होण्यासाठी दारू सोडण्याची इच्छा एवढी एकच अट आहे. पायऱ्यांमध्ये ‘आपल्याला उमगलेला ईश्वर’ असा उल्लेख येतो, आणि आपला गट हीच आपल्यापेक्षा मोठी शक्ती, असे मानून वर्षानुवर्षे सोबर राहिलेले अनेक जण आहेत. प्रार्थनेच्या वेळी शांत उभे राहिलात तरी चालते. फी नसते, शेवटी जमा होणारी वर्गणी पूर्णपणे ऐच्छिक असते.

ओळखीच्या माणसाची धास्ती असेल, तर धायरीऐवजी भोसरी-पिंपरीकडील गट पाहा, म्हणजे पाळी सुटल्यावर परस्पर जाता येईल. बंद मीटिंगला फक्त दारूची समस्या असलेलेच बसतात. ओळखीचे कोणी भेटलेच, तर तेही त्याच कारणासाठी आलेले असतील आणि खोलीतील बोलणे बाहेर न नेण्याचे बंधन त्यांच्यावरही असेल. पाळी बदलत असल्याने एकाच गटावर विसंबू नका. सकाळची एक, संध्याकाळची एक आणि सुटीच्या दिवसाची एक अशा मीटिंग हाताशी ठेवा. रात्रपाळीच्या आठवड्यात ऑनलाइन मीटिंगला बसा.

नवख्यांना नव्वद दिवसांत नव्वद मीटिंग करण्याचा सल्ला दिला जातो. तो उत्तम आहे, परंतु तुमच्या नोकरीत तो जमला नाही म्हणून सगळेच सोडून देऊ नका. एका गटात काही वेळा सलग जाऊन बसा आणि ज्यांचे बोलणे मनाला पटते अशा दोन-तीन जणांचे फोन नंबर घ्या. पुढे त्यांच्यातूनच स्पॉन्सर, म्हणजे पायऱ्यांवर तुमची सोबत करणारा अनुभवी सभासद मिळेल. वयाने मोठ्या मंडळींना टाळू नका, ही माझी विनंती आहे. गटारीच्या संध्याकाळी कारखान्यातले मित्र बोलावतील, तेव्हा अनेक गटाऱ्या कोरड्या काढलेल्या माणसाचाच फोन उपयोगी पडतो.

उत्तर : कोथरूडची वाचक

पत्नीबाबत मी लिहिते, कारण माझे यजमानही याच मार्गाने सावरले. खुल्या, म्हणजे कोणालाही बसता येणाऱ्या मीटिंगला तुमच्या पत्नीने तुमच्याबरोबर जरूर यावे, म्हणजे तेथे काय चालते हे त्यांना स्वतः कळेल. बंद मीटिंगला मात्र तुम्ही एकट्यानेच जावे. त्यांच्यासाठी अल-ॲनॉन हे कुटुंबीयांचे स्वतंत्र संघटन १९५१ पासून आहे, आणि येथील मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रात पत्नींसाठी ‘सहचरी’ गट चालतो. ताई त्यांच्या गटात जातील ते तुमच्यावर लक्ष ठेवण्यासाठी नव्हे. घरात दारू असताना बाईची झोप, भूक, नातेवाइकांशी असलेले बोलणे सगळेच विस्कटते आणि नवऱ्याने दारू सोडली म्हणून ते आपोआप पूर्ववत होत नाही. मीटिंगहून आल्यावर ‘आज काय बोललात?’ असे त्यांनी विचारू नये आणि तुम्हीही त्यांना विचारू नये. आमच्या घरात या एका नियमाने पुष्कळ शांतता आली.

उत्तर : समुपदेशक

वरील दोन्ही उत्तरांशी मी सहमत आहे. फक्त औषधांचा मुद्दा राहिला आहे. एखाद्या गटात ‘गोळ्या बंद करा, मीटिंग पुरेशी आहे’ असे कोणी सांगितले, तर ते त्या व्यक्तीचे मत समजा. औषधांचा निर्णय तुमच्या डॉक्टरांचाच आहे. दुर्दैवाने पुन्हा पिणे सुरू होऊन ते रोजचे झाले, तर मनाच्या जोरावर एकदम बंद करू नका, कारण पहिल्या दोन-तीन दिवसांत फिट येण्याचा किंवा भ्रम होण्याचा धोका असतो आणि तो जीवावर बेतू शकतो. तशा वेळी थेट रुग्णालयात जा. त्या आठवड्यातही गटाला दूर ठेवू नका, कारण पुन्हा प्यायलेल्या माणसाला मीटिंगची दारे बंद होत नाहीत. गट शोधण्यात अडचण आली, तर व्यसनमुक्तीसाठीच्या १४४४६ या राष्ट्रीय मदत क्रमांकावर फोन करता येतो.