अनुभव धागा: सही किती रुपयांवर केली आणि हातात किती पडले?

विनाअनुदानित_बाई
काल पासबुक भरायला गेले होते तर दारावरचे सिक्युरिटीवाले काका सांगत होते, पगार आता खात्यातच येतो, सरकारी दराने पूर्ण, आणि दोन दिवसांत सुपरवायझर येऊन त्यातले काही हजार रोख परत घेऊन जातो. नाही दिले तर पुढच्या महिन्यात ड्युटी नाही. ऐकलं आणि आमची शाळा आठवली. नव्वदच्या दशकातली गोष्ट, क्लार्क रजिस्टर पुढे करायचा, आकड्यांवर लाकडी पट्टी आडवी ठेवलेली, फक्त रेव्हेन्यू स्टॅम्पची जागा उघडी. करा सही. एकदा मी पट्टी सरकवली तर म्हणाला, बाई कशाला बीपी वाढवून घेता. टीव्हीवर चर्चा काय तर किमान वेतन वाढवलं की उद्योग बुडतील का. अहो आहे ते तरी हातात पडतं का? लिहा तुमचे अनुभव.

घड्याळी_तासिका
सेम! फक्त आमच्याकडे पट्टीऐवजी पुठ्ठा होता

कायदा_थोडाफार
बाई, शिक्षक तेव्हाच्या १९४८ च्या किमान वेतन कायद्यात बसतच नव्हता, तसं सुप्रीम कोर्टाने १९९६ ला सांगितलंय, हरियाणातल्या शाळांच्या केसमध्ये.

विनाअनुदानित_बाई
घ्या. वर्गात राष्ट्रनिर्माते आणि पगाराला कोणीच नाही

विडीघरातला
आई सोलापुरात विड्या वळायची, मजुरी हजार विड्यांमागे. कारखान्यात टोपली नेली की चेकर मूठमूठ बाजूला काढणार, ही वाकडी, ही बारीक, हिचं पान फाटलं. बाजूला काढलेल्याची मजुरी नाही आणि विड्या परतही नाहीत. पान कमी भरलं तर पदरचं विकत आणायचं. म्हणजे हजाराच्या पैशात जास्तीच्या वळायच्या. दर मात्र कागदावर चोख, इन्स्पेक्टर आला तरी काय सापडणार त्याला. आईच्या बोटांना कात्रीचे घट्टे अजून आहेत

कोरडवाहू
दुसरी बाजू पण ऐका. सोयाबीन काढायला आम्ही गुत्तं म्हणजे ठेका देतो, एकरी मजूर सांगेल तो भाव, सरकारी दर विचारतो कोण. २०२४ ला हमीभाव ४८९२ आणि आडतीत चार हजारच्या आसपास घातलं. मजुराला कायदा आहे म्हणता, आमच्या मालाला पण हमी कागदावरच ना. मग वाढवायचं कुठून द्यायचं?

उंबऱ्याआतून
दादा काढणीचं झालं, निंदणीला बायकांना काय देता तेही लिहा की

कोरडवाहू
बाईला तीनशे गड्याला पाचशे. सगळं गाव तेच देतं ताई

उंबऱ्याआतून
समान वेतनाचा कायदा १९७६ पासून आहे, तुमच्या गावात एसटी पोचली पण तो नाही पोचला वाटतं. असो कुकर लावलाय, नंतर येते

राईनकाठी
इथे जर्मनीत २०१५ पर्यंत किमान वेतनाचा देशभर एकच असा कायदा नव्हता. तेव्हा साडेआठ युरो तासाला सुरू झालं, जानेवारी २०२६ पासून १३.९०. नोकऱ्या जातील म्हणून तेव्हा केवढी ओरड, तसं काही झालं नाही. पण स्टुडंट असताना आपल्याच माणसाच्या रेस्टॉरंटात भांडी घासायचो, तो दर बरोब्बर लावायचा आणि तास कमी दाखवायचा. हिशोबात कुणी बोट ठेवू शकणार नाही

घड्याळी_तासिका
म्हणजे पट्टी तिथेही

कायदा_थोडाफार
बाई त्या काकांना सांगा, नवी वेतन संहिता, म्हणजे पगाराचे जुने कायदे एकत्र करून केलेला कायदा, २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालीय. आधी दावा सहा महिन्यांत करायला लागायचा, आता तीन वर्षं मुदत आहे. आणि नोंदणीकृत युनियनही अर्ज करू शकते, म्हणजे एकट्याला पुढे व्हायला नको. रोख परत घेतल्याचा पुरावा मात्र लागेल, मेसेज वगैरे जपून ठेवा म्हणावं.

विनाअनुदानित_बाई
सांगते. युनियन आहे का विचारलं तर हसतील ते

कोरडवाहू
राईनकाठी, तिकडे शेतमजुराला पण तेच १३.९० का?

राईनकाठी
हो तेच. पोलंड-रोमानियाहून लोक येतात काढणीला. शेतकरी संघटनेने मागितलं होतं की सीझनवाल्यांना ८० टक्केच देऊ द्या, सरकार नाही म्हणालं

कोरडवाहू
आमचेच भाऊबंद की. चला लाईट आली, मोटर चालू करून येतो